नांगर

उम्म अल क्वैनच्या खाडीपाशी, डांबर संपून
वाळूत चाकं रुतायला लागतात तिथे
एक हिरवी पाटी आहे: द प्लाऊ.
पाटीवर दोन घोडे, मागे वाकलेला माणूस,
आणि काळी, ओली, नुकती उलथलेली जमीन.
पाटीवरून नजर काढली
की खारफुटी, सिमेंट कारखान्याची धूळ.
इथे कुणी कधी एक तास ओढला नसेल.

अकरा वर्षं मी मागच्या दाराने येतो.
तळघरातला कंप्रेसर माझा.
वर छेचाळीस, खाली बारा.
बारा म्हणजे बारा, ऑरेल म्हणतो,
आठवर ती झोपते, सोळावर ती बिघडते.
ती म्हणजे बिअर. न गाळलेली, गॅस न भरलेली,
पिंपातच अजून श्वास घेणारी.
‘जिवंत आहे ती, पेडणेकर,’
हे तो आवाज खाली करून सांगतो,
बाळंतिणीच्या खोलीबाहेर बोलावं तसं.

मला समजावून सांगावं लागलं नाही.
वेंगुर्ल्याला माडावरून उतरलेली माडी
सकाळी एक असायची, तिन्हीसांजेला दुसरी,
आणि रात्री कुणाच्या बापाचं ऐकायची नाही.

परवा ऑरेल म्हणाला, कधीतरी पुढून ये.
म्हणून आज इस्त्रीचा शर्ट.
काएतान ग्लास पुसता पुसता थांबला:
‘कितें रे, आज फुडल्या दारान?’

आत काळसर तुळया.
हात लावला तर कळलं,
मोडीत निघालेल्या गलबतांचं लाकूड,
खिळ्यांच्या भोकांत मेण भरलेलं.
शेकोटी आहे, तिच्यात विजेचा लाल बल्ब.
कोपऱ्यात दोन म्हातारे पाइपलाइनवाले
कुठल्याशा गावच्या क्रिकेट मैदानाला
उतार नेमका कुठल्या अंगाला होता
यावर भांडताहेत. तावातावाने.

काएतानने दांडा ओढला, तीनदा,
बोअरिंगला पाणी उशिरा येतं तसा धीर धरून.
फेस थोडा. रंग पाणी घातलेल्या काकवीचा.
पहिला घोट कडू,
मग भाकरीच्या करपल्या कडेसारखं काहीतरी,
आणि अगदी शेवटी
आंबोळीच्या पिठाला रात्रभरात येतो तो वास.

ऑरेल शेजारी येऊन बसला.
प्लाऊला तुमच्यात काय म्हणतात?
नांगर, मी म्हटलं.
मग, गप्प बसवेना म्हणून, खिडकीबाहेर बोट केलं:
त्या होड्यांना तळाशी धरून ठेवतो ना,
त्यालाही नांगरच.
एकच शब्द?
एकच. एक जमीन हलवतो, एक जागचं हलू देत नाही.

तो हसेल असं वाटलं होतं.
पाटीवरचं शेत माझ्या मामाचं, तो म्हणाला.
त्यावर आता गोदाम आहे.
मी काही बोललो नाही.
घराचा हप्ता फिटून दोन वर्षं झाली,
आणि ‘एवढा एक करार’ असं मी सुलभाला
तीनदा सांगून झालंय.

दुसरा घोट घेतला आणि थांबलो.
बारा नाही हे.
साडेतेरा. थोडं वरच.
पंख्याचा पट्टा सैल झालाय पुन्हा.
‘बस रे, आज पाहुणा आहेस.’
पण बाह्या आधीच दुमडल्या होत्या मी,
बारमागची फळी उचलून शिडीने खाली.

खाली पिंपं आडवी, ओल्या गोणपाटाखाली.
पट्टा ताणला. कंप्रेसरची धाप बसली.
निघताना एकाच्या बुचापाशी कान नेला:
बारीक, थांबत थांबत,
फुस्स.

वर आलो तेव्हा हात ग्रीसने काळे,
इस्त्री गेलेली,
म्हातारे उताराची दिशा ठरवून निघून गेलेले.
माझ्या अर्ध्या ग्लासवर
काएतानने पुठ्ठ्याची चकती झाकली होती,
विरजणावर ताटली ठेवतात तशी.