लाल, हिरवा, निळा

एंडेल गेला तेव्हा त्याच्या कपाटात
बुटांच्या खोक्यात एकसष्ट फ्लॉपी निघाल्या.
नऊ वाचताच आल्या नाहीत.
उरलेल्यांत एकेक चित्र, टार्गा जातीचं,
ज्यांना आता कुणी दारात उभं करत नाही.
माझं काम एवढंच : त्यांना टिफमध्ये न्यायचं,
नंबर द्यायचा, खोकं परत करायचं.

पहिलं चित्र उलटं उतरलं.
समुद्र वर, आभाळ खाली,
होडी वटवाघळासारखी लटकलेली.
याचं नवल नाही. या फाइली तळाकडून लिहितात,
शेवटची ओळ आधी.
सरळ केलं.

मग पाहत बसले.
आभाळ नारिंगी. म्हटलं, संध्याकाळ असेल.
चेहरे निळसर. सारेमा बेटावरचा वारा, दुसरं काय.
होडी निळी. गवत हिरवं.
प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे कारण होतं.
बावन्नच्या बावन्न चित्रं मी अशीच पुढे ढकलली,
दुपारी काळ्या पावावर हेरिंग खाल्ला,
नोंदवहीत लिहिलं : सायंकाळ, थंडी, निळी होडी.

शुक्रवारी लेइडा आली, खोकं न्यायला.
डोक्यावरचा ओला रुमालही न सोडता
पडद्याकडे बघून म्हणाली,
"ही कुणाची?"
तुमचीच, म्हटलं.
"आमची लाल होती."
आणि थोड्या वेळाने, स्वतःशीच,
"एवढा मेलेला तर तो मेला तेव्हाही दिसला नव्हता."

मी फाइल आकड्यांत उघडली.
निळा, हिरवा, लाल असा तिचा क्रम,
आणि माझा प्रोग्राम वाचत होता
लाल, हिरवा, निळा.
टोकाचे दोघे एकमेकांच्या खुर्चीत.
मधल्या हिरव्याला कुणी उठवलंच नाही,
म्हणून गवत तेवढं खरं बोलत होतं
आणि त्याच्या भरवशावर
मी बाकीच्यांना सोडून दिलं होतं.

एक ओळ बदलली.
होडी लाल झाली. दुपार झाली.
एंडेलच्या गालावर रक्त आलं.
लेइडाने पर्समधून चष्मा काढला,
पुसला, परत ठेवला.

टार्गाच्या शेपटीला एक कप्पा असतो, शेऱ्यासाठी.
बहुतेक जण तो रिकामाच ठेवतात.
याने लिहिलं होतं :
मे महिन्यात तळाला डांबर. लेइडाला विचारणे.
माझ्या प्रोग्रामला हा कप्पा दिसत नव्हता.
मजकूर मी हाताने पलीकडे नेला,
चुकून एक अक्षर गाळलं, पुन्हा घातलं.

"मला फोनवर दे. छोटं."
छोटं म्हणजे जेपेग. थोडं गळेल, मी सांगितलं.
गळलंच. होडीच्या नाळेवरचं नाव
आठ-आठ ठिपक्यांच्या चौकटींत विरघळलं.
तिने फोन हातभर लांब धरला
आणि वाचलं, "कोइदू."

काय विचारायचं होतं त्याला तुम्हाला?
ती तोवर जिन्यावर होती.
"डांबर उधार आणू का, म्हणून.
दर वर्षी."

खोकं विसरूनच गेली.
मी उरलेली एकावन्न चित्रं पुन्हा उघडली,
आणि नोंदवहीतली पहिली संध्याकाळ खोडली.