उजवीकडून तिसरा

वालपराइसोत समुद्र मी पाहिला तो मागे वळून,
चढणीवर दम लागला तेव्हा.

माझं ठरलेलं आहे :
गाव कुठलंही असो, आधी रेकॉर्डचं दुकान.
किल्ले काय, चर्च काय, राहतात जागेवर.
दुकानांचा भरवसा नाही.
पोर्तोतल्या एकाचा तर मी पोचेपर्यंत
दातांचा दवाखाना झाला होता.
तरी पाच मिनिटं आत बसून आले,
उगाच, दाढ धरून.

इथलं दुकान एका शिंप्याच्या डोक्यावर, सत्तावीस पायऱ्या.
पाटी नाही.
खिळ्याला एक फुटकी काळी चकती, वाऱ्यावर डुलणारी.

आत एर्मिन्दाबाई.
सत्तरी केव्हाच ओलांडलेल्या,
दाढीच्या ब्रशानं धूळ झाडत बसलेल्या.
माझं स्पॅनिश चाळीस शब्दांचं,
त्यातले वीस तर आकडेच.
कोपऱ्यात नेहुएन नावाचा एक पोरगा होता,
गोदीवर वेल्डिंग शिकणारा,
त्यानं आपलं तोडकंमोडकं इंग्रजी मध्ये घातलं.

कसं लावलंय हे सगळं? मी विचारलं.
अक्षरांच्या क्रमानं? गाणाऱ्यांच्या?
बाई खोक्यांवर बोट ठेवत गेल्या :
हे पंच्याऐंशीच्या भूकंपात पडलं होतं,
हे दहा सालच्या,
आणि ही भिंत अख्खी
गेल्या मंगळवारी.
पडलं की उचलायचं, हाताला येईल तसं ठेवायचं.
अक्षरं लावायची हौस नवऱ्याला होती.

मंगळवारच्या खोक्यात मला ती मिळाली.
कुठल्याशा छोट्या गावच्या अग्निशामक दलाचा बँड,
मुखपृष्ठावर शिरस्त्राणं घातलेले चौदा जण,
उन्हानं डोळे बारीक केलेले,
आणि मागे निळ्या शाईत, तिरकं :
'नेनासाठी. उजवीकडून तिसरा मी.'

बाईंनी लावून दाखवली.
आधी ढोल, मग ट्रॉम्बोन जरा बेसूर,
जिना चढणाऱ्या जाड्या माणसासारखा,
मध्येच थांबून, पुन्हा.

मग खाली गल्लीतली कुत्री भुंकली.

मला वाटलं, ट्रक गेला.
पण त्या तिघांचे हात एकाच वेळी उठले,
बाईंचे, नेहुएनचे, दारातल्या पोस्टमनचेसुद्धा,
आणि तळवे मांडण्यांना टेकले,
जसं कुणी
झोपेत कूस बदलणाऱ्या पोराला थोपटतं.
माझेही टेकले. कुणी सांगितलं नव्हतं.
लाकूड थरथरत होतं, आत हजारो कडा
एकमेकींवर दात वाजवत होत्या.
सुई उडाली, खरवडत गेली, पुन्हा बसली.
बँड वाजतच होता.

अकरा सेकंद, पोस्टमन म्हणाला.
त्यानं पत्र ठेवलं आणि गेला.

बाईंनी तबकडी दिव्याखाली तिरपी धरली.
एक नवा ओरखडा, केसाएवढा.
मी म्हटलं, आता किंमत कमी करा.
त्या काही बोलल्या. नेहुएन लाजला, मग म्हणाला :
ओरखडा तुमच्यादेखत पडलाय,
कुठून आला ते तुम्हाला ठाऊक आहे,
म्हणून पाचशे पेसो जास्त.

दिले. घासाघीस करायला
चाळीस शब्द पुरले नसते.

आता घरी कधी लावते संध्याकाळी,
कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मध्ये.
ट्रॉम्बोन जिना चढायला लागतो
आणि बरोबर त्या पायरीवर सुई उडी मारते.
माझा तळवा पुस्तकांच्या कपाटाला.
भाचा विचारतो, मावशी, काय पडतंय?
काही नाही रे.

उजवीकडून तिसऱ्याचं वाद्य
पुढच्याच्या खांद्याआड गेलंय.
काय वाजवायचा, कळायला मार्ग नाही.
नेनाला माहीत असणार.
मी दर वेळी वेगळं काहीतरी त्याच्या हातात देते,
काल झांजा दिल्या होत्या.