पांढऱ्या कुरडया

चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात आईच्या कुरडया
पांढऱ्याशुभ्र वाळल्या.
एरवी मिरजेच्या लोको शेडमागं राहायचं म्हणजे
उशीवर काजळी, दोरीवरच्या धोतरावर काजळी,
झाकण विसरलं तर भातावरसुद्धा.
वीस दिवस इंजिनं गार उभी होती,
कासरा टाकून कुणी निघून गेलेल्या म्हशींसारखी.
भोंगा नाही,
दूधवाला रोज वेगळ्याच वेळी.

आमचे अप्पा ड्रायव्हर.
दस्तगीर शिकलगार त्यांचा फायरमन.
सात वर्षं एका फूटप्लेटवर,
फावड्यावर भाजलेलं वांगं दोघांत एक.
संपाच्या पहिल्याच रात्री दस्तगीर
म्हैसाळच्या उसात शिरला.
अप्पा नवव्या रात्री जीपमध्ये बसले.
का, ते कधी बोलले नाहीत.
ताईचं लग्न ठरलं होतं, एवढं मला ठाऊक आहे,
आणि जीपमधून आलेले दोघं
चहाला शिवले नव्हते.

दुसऱ्या दिवशी शिकलगारांचं क्वार्टर रिकामं केलं.
पाळणा, शेगडी, मक्केचा फोटो, सगळं उन्हात.
शेळी दावं तोडून रुळांत जाऊन उभी राहिली,
तिला कुणी हाकललं नाही.

आईनं डबा भरून दिला. मीच नेला.
वर्षानुवर्षं जायचा-यायचा तो डबा,
कधी चार लिंबं, कधी नुसती साखर,
रिकामा परत करायचा नाही, ही दोन्ही घरांची रीत.
जैनबूचाचीनं कुरडया काढून घेतल्या.
पोरं लहान होती.
डबा घासला, पुसला,
उलटा करून झटकला
आणि तसाच माझ्या हातात दिला.

पुढच्या मार्चात मी रेल्वेत चिकटलो.
कागदावर अप्पांच्या नावापुढं 'एकनिष्ठ' असं होतं.
दस्तगीरचा हनीफ इचलकरंजीला मागावर गेला.
तीन वर्षांनी दस्तगीरला परत घेतलं,
पण हुबळीला.
अप्पा गेले तेव्हा तो आला होता.
मागं, नळापाशी उभा होता.

गेल्या नोव्हेंबरात बँकेत दिसला,
हयातीच्या दाखल्याच्या रांगेत, माझ्या पुढं.
अंगठा मशीनवर उठेना.
"रेषा फावड्यानं नेल्या," म्हणाला, कुणालाच.
मी नाव सांगितलं.
बराच वेळ माझ्या चपलांकडं बघत राहिला.
मग म्हणाला,
"त्या रात्री अप्पासंगं कोळसा कोण टाकत व्हतं रं?"

मिलिटरीचा कुणी पोरगा होता, म्हणालो.

"तरीच.
उसात पडून ऐकत व्हतो मी.
चढाला धाप लागलेली इंजनाला.
सगळा कोळसा दारातच वतत व्हता लेकाचा,
मागच्या कोपऱ्याला एक फावडं न्हाई.
लई वाटलं,
उठावं."

काचेपलीकडची पोरगी म्हणाली,
बाबा, दुसरं बोट द्या.