पलतड

लोबो बाईंनी नववीच्या फळ्यावर लिहिला तो शब्द,
अल्टिरियर,
आणि बोटांवरचा खडू पदराला पुसत म्हणाल्या,
हा एकटा सहसा फिरत नाही,
याच्यामागून मोटिव्ह येतो,
वल्ह्यामागून भोवरा येतो तसा.
अर्थ लिहून घ्या : आतला, लपवलेला हेतू.
वाक्यात उपयोग करा.

माझी ओळ कोरी राहिली.

त्याच वर्षी बाबांच्या तरीवर
दर बुधवारी एक माणूस यायचा,
पांढरे बूट हातात, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली.
माझ्यासाठी खाजं आणायचा, आलं घातलेलं.
सुकतीला पाणी किती उरतं हो? सहज विचारतो.
तो काजूचा उतार कोणाचा? सहज.
मालक मुंबईला? भाऊ किती?
असंच आपलं, सहज.
बाबा वल्हवता वल्हवता सगळं सांगायचे,
शेवटी उतारावरच्या विहिरीची चवसुद्धा.
उतरताना तो सुटे परत घ्यायचा नाही.

पुढे उताराला चिऱ्यांचं कंपाउंड आलं,
गेट आलं, गेटला कुत्रा.
मग पूल.
होडी पालथी घातली ती अजून तशीच,
शेजारच्या कुबलांची कोंबडी तिच्याखाली अंडी घालते.

कॉलेजात जाड डिक्शनरीत तो शब्द पुन्हा भेटला.
मूळ लॅटिन. मुळात त्याला
कपट माहीतच नव्हतं.
अर्थ एवढाच : पलीकडचा,
त्या काठाचा.
अगो, म्हणजे पलतड!
म्हणजे बाबा हा शब्द
दिवसातून वीस खेपा
माणशी दीड रुपयात पोचवत होते
आणि मी फळ्याकडे बघत बसले होते.

परवा गेले गावी, न कळवता.
बाबा पडवीत सुंभ वळत होते,
आता कशाला बांधायचंय कुणास ठाऊक.
"कित्याक इलंस गो?"
मी म्हटलं, सहज.

पिशवीत सातबाऱ्याचा उतारा होता,
संमतिपत्र, तीन ठिकाणी पेन्सिलीची फुली,
आणि स्टॅम्प पॅड, कारण त्यांचा हात आता थरथरतो.
वर खाज्याची पुडी. आलं घातलेलं.

त्यांनी पिशवीकडे पाहिलं,
बराच वेळ चहा बशीत फिरवला,
मग खाडीकडे तोंड करून म्हणाले,
"सुकती लागली. आज पलतड खूप जवळ दिसता."

पुडी काढली तर
तिला खालून निळी शाई लागली होती.