बुश

नाना पेठेत जब्बारभाईंनी
तळहातावर ठेवले दोन बुश.
काळा, रबराचा. लाल, पॉलीचा.
"लाल टाकलात तर गाडी रुळावरून गेल्यासारखी वळेल.
पण मग रस्ता जसा आहे तसा कळेल, हां."

रस्ता जसा आहे तसा.
सिंहगड रोडचा.

गाडी सतरा वर्षांची.
खालून निघालेला जुना बुश
टाचेसारखा भेगाळलेला,
बोट फिरवलं तर काळं पीठ.
किती गिळलं असेल यानं
शेजारी मंजिरी झोपलेली असताना,
थेट धायरीपर्यंत.

"काळाच टाका," म्हटलं.
जब्बारभाई काही बोलले नाहीत.
पाना उचलला, खाली सरकले.

लाल मात्र मी
अंगठ्यानं आणखी एकदा दाबून पाहिला.
दबला नाही.