अर्धा अँपिअर

पठारावर वारा सुटला की
एलसिराच्या घरात आधी पत्रा बोलतो, मग कुत्रा, मग ती.
"पुन्हा ठेवला त्यानं," ती म्हणाली.
मी मेंढ्या कातरायच्या यंत्राचं पातं पुसत होतो.
"कोणी?"
"लिसान्द्रोनं. भावानं.
अठरा वर्षांनी बोलायला लागलाय,
आणि दर गुरुवारी ऐन वाक्यात फोन आपटतो."

चुबुतच्या या टोकाला टॉवर एकच,
टेकडीच्या पार पलीकडे, दिसतही नाही.
टेबलावर जुना लॅपटॉप,
तिथून पाच मीटर वायर, बुटाच्या नाडीहून बारीक,
खिडकीत टांगलेला पीचच्या पाकाचा रिकामा डबा
आणि डब्यात बोटाएवढा मोडेम.
निळा दिवा.
मग काहीच नाही.
मग हिरवा, झोपेतून हलवून उठवल्यासारखा,
आपण कोण, कुठले, हे पुन्हा पहिल्यापासून आठवत.

सगळ्यांनी टॉवरला शिव्या दिल्या होत्या.
कंपनीला, वाऱ्याला.
शेजारच्या आनसेल्मोनं तर ग्वानाकोंच्या कळपालाही,
म्हणे त्यांच्या लोकरीत सिग्नल अडकतो.
चोर सोडून संन्याशाला फाशी.

मी मीटर लावला.
लॅपटॉपपाशी पाच व्होल्ट,
खिडकीपाशी चार पूर्णांक तीन.
मधलं वायरीनं खाल्लं.

"म्हणजे?"
म्हणजे असं बघ, मी म्हणालो,
टॉवर दाराशी असता तर हा नुसता कुजबुजला असता.
इतक्या लांब हाक पोचवायची
तर बेंबीच्या देठापासून ओरडावं लागतं,
आणि ओरडायला पोटात काहीतरी लागतं.
लॅपटॉप याला वाढतो अर्धा अँपिअर, मोजूनमापून,
त्यातलाही घास वाटेत सांडतो.
ऐन हाकेला याला घेरी येते.
फोन कोणी आपटत नाही, बाई.
हा उपाशी पडतो.

येर्बाच्या कडू काढ्याची नळी
तिनं बराच वेळ तोंडात धरली, न ओढता.
"म्हणजे तोही तिकडे समजत असेल..."
"हो."
"की मीच..."
मी पाना आणायला गाडीकडे गेलो.
पाना खिशातच होता.

नवीन काही आणायला गाव तीन तासांवर.
कुंपणाच्या सौर बॅटरीवरून वेगळी लाईन ओढली,
माझ्या पेटीतला हब तिच्यावर जोडला, स्वतःचं जेवण स्वतः आणणारा,
आणि वीतभर वायर, आखूड, जाड, कुरूप.
वायर आखूड, म्हणून टेबल खिडकीशी न्यावं लागलं.
ते बापाच्या वेळेपासून एकाच जागी होतं.
हलवलं तेव्हा फरशीवर
चार पायांचे चार उजळ ठिपके राहिले.
तिनं त्यांच्यावरून फडकं फिरवलं. गेले नाहीत.

गुरुवार.
निळा दिवा.
चार मिनिटं पाऊस, सात मिनिटं लोकरीचा भाव,
अकराव्या मिनिटाला तो म्हणाला, "ते पूर्वेकडचं टाकं, एलसिरा,
बाबांनी जे..."
इथेच तुटायचं. दर वेळी इथेच.
तिनं डब्याकडे पाहिलं. मीही पाहिलं.
निळा.

पडद्यावर तो, कोमोदोरोच्या कुठल्याशा स्वयंपाकघरात,
केस माझ्यापेक्षा पांढरे,
तोंड अर्धवट उघडं,
तोही कशाची तरी वाट बघत.
"ऐकू येतंय?" त्यानं विचारलं.
"येतंय."
आता गप्प बसायचं तर ते आपलं आपण बसायचं,
वायरीवर ढकलून चालणार नव्हतं.

बाहेर पत्रा वाजला. कुत्रा उठून परत बसला.
मी पात्याला तेल देत राहिलो, दिलेल्याच पात्याला.

मग तो पुढे झुकला, डोळे बारीक केले.
"उजेड उजवीकडून कसा येतोय?" म्हणाला,
"टेबल हलवलंस?"

"हो," ती म्हणाली.
"हलवलं."