शिंप्याचा खडू

बेत आम्ही खडूनं लिहितो,
शिंप्याच्या चपट्या निळ्या खडूनं, नावेच्या आतल्या फळीवर.
पेनानं लिहिलेलं धरणाच्या पाण्याला पटत नाही.

सोमवार, टेकेपार. आश्रमशाळेच्या चड्ड्या, बावीस.
मंगळवार, नवी खापरी. रंगाऱ्यांच्या पोरीचं लग्न, ब्लाउज नऊ,
त्यातले दोन अजून बिनबाह्यांचे.
बुधवारपाशी फळी संपते.

मशीन मधल्या तक्त्याला बोल्टानं आवळलेलं.
डोमाजी म्हणतो, मी एक काठी आणली शिडासाठी
अन् तू हे लोखंड आणून ठेवलं.
पण त्याच्या शिडाकडं बघा जरा :
युरियाची पोती, खाकीचे तुकडे, अस्तराच्या गुलाबी चिंध्या,
मधोमध कुणाच्या तरी परकराची किनार.
वारा कशात धरला असता ह्यानं?

सोमवार तेवढा लिहिल्यासारखा झाला.
रात्री खाली कुठं दरवाजे उघडले कोण जाणे,
सकाळी पाणी हातभर उतरलेलं,
आणि समोर आंब्याची खुंटं वर आलेली, काळी, रांगेनं.
ही अमराई कुणाची ते डोमाजीला ठाऊक आहे.
बोलत नाही. बांबूनं चाचपतो,
नाव वळवतो.
म्हणजे फेऱ्याची वाट. म्हणजे दीड दिवस.
मी पदरानं मंगळवार पुसला.

टेकडीच्या वळणावर फोनला दोन काड्या आल्या
आणि त्याच क्षणी यशोधराबाई :
"कुठंवर आली व तू? उद्या हळद आहे!"
नाव तेव्हा जलपर्णीत रुतलेली,
डोमाजी कमरेएवढ्या पाण्यात, तोंडानं नको ते बोलत.
"हे काय, येऊनच रायली," मी म्हटलं.
"आणखी ऐक, पोरगी वाळली न बाप्पा चिंतेनं,
सगळे अर्धा इंच आत घेजो."
मग काड्या गेल्या.

सगळे. अर्धा इंच.
उसवायला बसले.
वारा नसला की मशीन सरळ चालतं, एवढं एक बरं.

दुपारी बेटावरून हाक आली.
ढोरकी पोरगा, हातात छत्री, छत्रीच्या दोन काड्या बाहेर.
"शिवता का?"
छत्री शिवली. मग तो बहिणीचं दप्तर घेऊन आला,
मग त्याची माय, गादीची खोळ,
मग एक म्हातारा, नुसताच, बघायला,
तो जाताना म्हणाला माझ्या सदऱ्याला खिसा नाही कधीपासून.
हे गाव फळीवर नव्हतं.
नाव विचारलं तर हसले, दोन झोपड्यांना काय नाव.
लाखोळीची डाळ मिळाली पायलीभर,
ओले शिंगाडे, आणि खिशाचे दहा रुपये,
ते म्हाताऱ्यानं त्याच खिशातून काढून दिले.

संध्याकाळी मी बुधवारच्या खाली
खडू आडवा धरून लिहायला गेले : खापरी.
खडू आता नखाएवढा.
आणि फळी किती पुसली तरी निळसरच राहते,
खाली मागचे मंगळवार दिसतात पुसट,
एकावर एक, कुठल्या कुठल्या गावांचे,
गेलो त्यांचे, न गेलो त्यांचे.
त्यावर नवं लिहिलं तर मलाच वाचता येईना.
सोडून दिलं.

पहाटे डोमाजीनं पायाला हलवलं. "ऊठ. आला."
शीड आधी फडफडलं, मग पोट धरून फुगलं,
परकराची किनार ताठ.
खुंटं मागं पडली. कोंबडा कुठल्या काठावर आरवला कळलं नाही.
कंदिलाखाली मी आठवा ब्लाउज घेतला,
अर्धा इंच, इकडून, तिकडून.
त्यानं सुकाणूवरून विचारलं,
"हळदीआधी पोचतो का व आपण?"

तोंडात टाचण्या होत्या माझ्या.